कडेचं बटण

“एवढा मोठा मॉनिटर अडवून ठेवलाय, आणि उघडतो काय, तर टीचभर विंडो. मला दिला असता तर निदान कामाला तरी आला असता.”

दिपेश पार्टिशनपलीकडून फोनवर कुणाला तरी हे सांगत होता. पार्टिशन म्हणजे कंबरेएवढी प्लायवूडची फळी. तिच्या आडून कुजबुजणं हा नुसता शिष्टाचार होता. महेंद्रला शब्द न् शब्द ऐकू आला. हल्ली त्याला ऐकू फार छान यायचं.

त्याने मान वर केली नाही. समोरच्या रुंद मॉनिटरच्या मधोमध फोनच्या आकाराची एक उभी विंडो उघडी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना नुसतं काळं. ते काळंही त्यानेच निवडून लावलेलं. आधी तिथे कंपनीने दिलेला डोंगराचा फोटो होता. त्या डोंगराच्या दोन्ही उतरणी एक दिवस त्याला दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्याने डोंगरच काढून टाकला.

हे ऑफिस वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली पत्र्याचे डबे बनायचे, वर वेबसाइट. खालचा ठोका वर ऐकू यायचा, वरचं काम खालच्यांना कधीच कळलं नाही. साइट बनवणारे दिपेशसारखे. ती लोकांच्या हातात जाण्याआधी सगळीकडे नीट दिसते की नाही, ते बघणारा महेंद्र. सगळीकडे म्हणजे प्रत्येक ब्राउझरमध्ये, विंडोजवर, मॅकवर, टॅब्लेटवर, महागड्या फोनवर आणि काच तडकलेल्या जुन्या फोनवरही. लग्न झालं तेव्हा प्रीतीने विचारलं होतं, “एकच पान ना ते? मग सारखंसारखं काय बघता?” त्याने समजावायचा बराच प्रयत्न केला. शेवटी तीच म्हणाली, “कळलं. साडी एकच, पण दहा बायकांना नेसवली तर दहा ठिकाणी चुण्या पडणार.” त्यानंतर ऑफिसात नवीन कुणी आलं की महेंद्र हेच सांगायचा. प्रीतीचं नाव न घेता.

चुण्या त्याला दिसायच्या, हे मात्र खरं. केसाएवढी सरकलेली रेघ, एका बाजूला झुकलेलं चित्र, खालच्या ओळीवर चढून बसलेला मथळा. देवयानी त्याची टीम लीडर. दोघं एकाच सुमाराला या ऑफिसात आलेले. ती म्हणायची, “महेंद्र नुसता स्क्रीनसमोरून गेला तरी बग आपण होऊन बाहेर येतात.”

हे आधीचं. आता नजर कडांकडून मिटत चालली होती. मधलं स्वच्छ, अगदी पूर्वीसारखं. वर्तमानपत्र वाचता यायचं, सुईत दोरा ओवता यायचा. पण डावीकडे-उजवीकडे कुणीतरी पडदे लावले होते आणि ते रोज थोडे थोडे ओढत होतं. पहिल्यांदा हे कळलं ते माउसचा बाण कोपऱ्यात जाऊन हरवायला लागला तेव्हा. महेंद्रने जे केलं, ते टेस्टिंगवाल्यानेच करावं. स्क्रीनच्या मध्यावर एक टिंब ठेवलं, नजर त्यावर रोवली, आणि एक छोटी विंडो हळूहळू बाजूला सरकवत नेली. कुठे दिसेनाशी होते ते बघितलं. पुढच्या आठवड्यात परत. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत. दर वेळी ती आधीपेक्षा लवकर जायची. मग त्याने ती तपासणी बंद केली. बग सापडला की नोंदवायचा, हा त्याच्या कामातला पहिला नियम. हा त्याने नोंदवला नाही.

फोन मात्र त्याच्या नजरेत पुरता मावायचा. म्हणून फोनवरची सगळी कामं तो स्वतःहून मागून घ्यायला लागला. कपाटात जुने फोन ओळीने चार्जिंगला लावलेले असायचे. एकेक काढायचा, डोळ्यासमोर धरायचा, बघायचा, ठेवायचा. देवयानी मोठ्या स्क्रीनचं काम टेस्टिंगमधल्याच सर्वेशला द्यायला लागली. का, ते तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

“महेंद्र, पाळणाघराची साइट आज जायचीये,” देवयानीचा आवाज आला. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती, म्हणजे त्याच्यासाठी नव्हतीच, नुसता आवाज होता.

“फोनवरचं माझं झालंय. सगळं ओके.”

“ते माहितीये रे. पण मोठ्या स्क्रीनचं राहिलंय. सर्वेशच्या सासऱ्यांना ॲडमिट केलंय, तो सकाळीच खडवलीला गेलाय.”

“मग मी बघतो.”

खुर्चीच्या पाठीवर तिची बोटं वाजत राहिली.

“मी बघितलं तर?” ती म्हणाली.

“तू कधीपासून टेस्टिंग करायला लागलीस?”

“तसं नाही रे, तुझ्याकडे आधीच ढीग पडलाय म्हणून—”

“मी आहे ना.”

बोटं थांबली. “बरं,” ती म्हणाली आणि गेली. तिला नाही म्हणता आलं असतं. नंतर कितीतरी दिवस ती स्वतःला हेच विचारणार होती, की का नाही म्हटलं.

महेंद्रने विंडो मोठी केली. पान दोन्ही बाजूंनी त्याच्या नजरेबाहेर सांडलं. पाळणाघरांची साइट होती. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांमध्ये ज्यांच्या शाखा निघत होत्या, त्यांची. डावीकडे मुलांचे फोटो, मध्ये माहिती, उजवीकडे प्रवेशाचा रकाना. असं असणार, हे त्याला साइटच्या आराखड्यावरून माहीत होतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च फिरवावा तशी तो मान फिरवायला लागला. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, मग एक ओळ खाली, परत डावीकडून. पहिला ब्राउझर असा झाला. दुसराही झाला. वेळ लागत होता, मान अवघडली होती, पण होत होतं. मनातून त्याला जरा बरंही वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात दिपेश चहाचा कप घेऊन मागून चालला होता. तो थांबला.

“काय महेंद्रदादा, टेनिस बघताय का?”

दोघंतिघं हसले. दिपेश वाईट पोरगा नव्हता. तो असा सगळ्यांशीच बोलायचा. महेंद्रही हसला. “हो, मॅच रंगलीये,” म्हणाला.

पण त्यानंतर त्याने मान हलवली नाही. तिसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडलं, ताठ बसला आणि समोर बघितलं. मथळा जागेवर होता. मधली माहिती जागेवर होती. आधीच्या दोन्हींमध्ये उजवा रकाना नीट होता, म्हणजे इथेही असणार. चौथ्यातही असणार. त्याने दोन्हींपुढे ‘पास’ लिहिलं आणि देवयानीला कळवलं. मग विंडो परत टीचभर केली, तेव्हा कुठे श्वास नीट आला.

न बघता पास म्हणण्याची ही त्याची पहिली वेळ नव्हती.

दिवाळीआधी चष्मा बदलायला गेला होता, तेव्हा दुकानातल्या मुलीने डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाली, “काका, नंबर ठीके, पण एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा.” प्रीतीने लगेच रजा काढली. ती पोस्टात काउंटरवर बसते. रजा काढणं सोपं नसतं. नौपाड्यातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात एका काळोख्या खोलीत महेंद्रला एका यंत्रापुढे बसवलं. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, समोर मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखी पोकळी आणि तिच्या मध्ये एक पिवळा ठिपका. हातात बटण. “ठिपक्याकडेच बघायचं,” तिथला मुलगा म्हणाला. “आजूबाजूला कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. दिसला तरच दाबायचं.”

खोलीत पडदा होता आणि पडद्यामागच्या बाकावर प्रीती बसली होती. दिवे चमकत असणार. महेंद्रला मधले तेवढे दिसत होते. मग त्याच्या लक्षात आलं की दिवा जागा बदलतो तेव्हा यंत्राच्या पोटात बारीक किर्र वाजतं. किर्र झालं की अर्ध्या श्वासाने दिवा. आयुष्यभर यंत्रांच्या खोड्या पकडण्यात गेलेला माणूस तो. त्याने ही खोडीही पकडली. किर्र, टक. किर्र, टक. दिवा दिसो न दिसो, बटण वाजत राहिलं. पडद्यामागे बसलेल्या प्रीतीला ते ऐकू येत होतं, आणि आपला नवरा छान पास होतोय म्हणून तिच्या जिवात जीव येत होता.

डॉक्टर कागद उलटसुलट करून म्हणाले, “रिपोर्ट चांगला दिसतोय, पण आतली नस बघितली तर जुळत नाहीये. कधीकधी पहिल्यांदा घाईत बटण दाबलं जातं. पंधरा दिवसांनी परत या, पुन्हा करू. काचबिंदू असेल तर गेलेली नजर परत येत नाही, पण आहे ती राखता येते. उशीर करू नका.”

घरी आल्यावर महेंद्रने आईला एवढंच सांगितलं, “रिपोर्ट चांगला आहे.” यात खोटं काहीच नव्हतं. आणि पंधरा दिवसांनी ऑफिसात काम फार होतं.

किसननगरमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत मग काहीच न बोलता बरंच काही बदललं. मधल्या वाटेतलं स्टूल एक दिवस गॅलरीत गेलं. कपाटाचं दार उघडं राहणं बंद झालं. ताटात आमटीची वाटी उजवीकडे असायची, ती सरकत सरकत पार समोर आली आणि पाण्याचा तांब्या प्रीती हातातच द्यायला लागली. महेंद्र जेवायला बसला की सगळं त्याच्या नजरेच्या चौकटीत असायचं. त्याच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर घराने त्याच्यासाठी लेआउट बदलला होता. कुणी बदलला, केव्हा, याची नोंद नव्हती. प्रीतीला वाटायचं, सासूबाईंनी स्टूल काढलं. रंभाबाईंना वाटायचं, कपाटाचं दार सून लावते. दोघी एकमेकींना विचारत नव्हत्या.

एकदाच प्रीती म्हणाली होती, “अहो, ते पंधरा दिवसांनी बोलावलेलं ना तुम्हाला?”

“जाऊ. हे पाळणाघराचं संपू दे.”

“बरं.”

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्या खाली महेंद्रच्या वडिलांचा, बाबुरावांचा फोटो. फोटोत बाबुराव कॅमेऱ्याकडे मान थोडी तिरकी करून बघताहेत. लहानपणी महेंद्रला ती ऐट वाटायची.

पाळणाघराच्या बाईंचा फोन पुढच्या आठवड्यात आला. देवयानी फोनवर बराच वेळ नुसतं “हो मॅडम, हो मॅडम” म्हणत होती. फोन ठेवून ती महेंद्रच्या टेबलाशी आली. या वेळी समोरून आली, त्याला दिसेल अशी.

“घोडबंदरला जायचंय. त्यांना आपल्याला भेटायचंय.”

“मला पण?”

“टेस्टिंग कुणी केलं ते विचारत होत्या.” मग ती म्हणाली, “नको येऊस वाटलं तर. मी सांगते काहीतरी.”

“येतो ना.”

पाळणाघराच्या मालकीणबाईंचं नाव प्रमोदिनी. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलेलं. बोलणं अगदी पुणेरी, स्वच्छ, आवाज न चढवता. भिंतीवर बदकं रंगवलेल्या खोलीत त्यांनी दोघांना मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं, कारण दुसऱ्या खुर्च्याच नव्हत्या. समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर साइट उघडली होती.

“आमच्याकडे येणाऱ्या आया नोकरी करतात,” त्या म्हणाल्या. “जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर अर्ज भरतात. त्यातल्या एकीचं सांगते. तिने सगळं भरलं, मुलाचा फोटो लावला. पुढे काही करायचं असतं हे तिला दिसलंच नाही, म्हणून तिला वाटलं झालं. सोमवारी ती मुलाला घेऊन दारात. पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. आणि आमच्याकडे तिचं नावच नाही. जागाही भरून गेलेल्या. त्याच दिवशी तिला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. सासर लांब, माहेर त्याहून लांब. तीन वर्षांनी मिळाली होती हो नोकरी. गेली ती.”

पलीकडच्या वर्गात मुलं एका सुरात आकडे म्हणत होती.

“मला फक्त एवढं कळू दे,” प्रमोदिनीबाई महेंद्रकडे वळल्या. “‘प्रवेश निश्चित करा’ असं एक बटण तुम्ही दिलंय. ते या पानावर कुठे आहे, मला दाखवता का?”

महेंद्र पडद्याकडे बघत राहिला. मधला मथळा दिसत होता. मधली माहिती दिसत होती. त्याने मान उजवीकडे फिरवली. तिथे रकाना होता, त्याच्या उजवीकडे आणखी काहीतरी होतं, आणि मग भिंत होती की पडदाच होता, त्याला कळेना. बदक होतं एक. ते साइटवरचं की भिंतीवरचं?

“हे इथे—” असं म्हणत त्याने हात लांब केला.

धाडकन काहीतरी आपटलं. आवडाबाई, तिथल्या मावशी, कधीच्या त्याच्या शेजारी पाण्याचा ट्रे धरून उभ्या होत्या. साहेब घेतील, मग पुढे जाऊ, म्हणून थांबलेल्या. प्लास्टिकचे रंगीत पेले जमिनीवर गडगडत गेले. पाणी महेंद्रच्या पँटवर, देवयानीच्या पर्सवर.

“अगो बाई, समोर तर उभी होते मी,” आवडाबाई पुटपुटल्या आणि फडकं आणायला गेल्या.

प्रमोदिनीबाईंनी महेंद्रकडे बघितलं. आधी कपाळाला आठी होती, ती हळूहळू सुटत गेली आणि तिच्या जागी जे आलं, ते महेंद्रला नेमकं दिसलं, कारण त्या अगदी मधोमध होत्या. त्यापेक्षा आठी परवडली असती.

“मॅडम,” देवयानी एकदम म्हणाली, “मोठ्या स्क्रीनचं माझ्याकडे होतं. मी नीट बघितलं नाही. बटण कडेच्या बाहेर गेलंय. आज दुरुस्त होईल. माझी चूक आहे.”

महेंद्र मान खाली घालून बुटक्या खुर्चीत बसून राहिला. गुडघे छातीशी आलेले.

परतताना रिक्षा घोडबंदर रोडला अडकून पडली. पुढे बस, मागे ट्रक, मध्ये ही दोघं. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि बाहेर पाय काढून बसला.

“तू का बोललीस?” महेंद्रने विचारलं.

“काय?”

“तुझी चूक म्हणून.”

“अरे, कुणाची ना कुणाची तरी म्हणायलाच लागते.” ती ओली पर्स रुमालाने पुसत होती. पुसून झाली तरी पुसत होती. “तू ना, थोडे दिवस सुट्टी घे. मी वर बोलते. ॲसिडिटी फार वाढलीये तुझी.”

“मला कुठे ॲसिडिटी आहे?”

“मी तसंच सांगते सगळ्यांना,” देवयानी म्हणाली. “गेल्या वर्षीपासून. तू जिन्यात धडपडलास तेव्हा, त्या मीटिंगमध्ये चहा सांडला तेव्हा. ॲसिडिटीने चक्कर येते म्हणून सांगते.”

महेंद्रने तिच्याकडे बघण्यासाठी पूर्ण मान फिरवली. ती बाहेर बघत होती. आता ती म्हणेल, असं त्याला वाटलं. एक वाक्य. तिने ते म्हटलं असतं तर त्याला सुटल्यासारखं झालं असतं, आणि तिचा कायमचा रागही आला असता. तिला बहुतेक दोन्ही ठाऊक होतं.

“चला, सुटला वाटतं ट्रॅफिक,” ती म्हणाली.

घरी आई दारात मेथी निवडत बसली होती. तो उन्हं उतरायच्या आत घरी आलेला बघून तिने वर पाहिलं, ओल्या पँटकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीत मान घातली. प्रीती अजून पोस्टातून यायची होती. महेंद्र आईच्या समोर, अगदी समोर, जमिनीवर बसला.

“आई, बाबांना कधीपासून कमी दिसायला लागलेलं?”

रंभाबाईंचे हात थांबले नाहीत. “कमी कुठे. चष्म्याचा नंबर वाढलेला त्यांचा.”

हे उत्तर महेंद्र लहानपणापासून ऐकत आला होता. बाबुराव वागळे इस्टेटमध्येच होते, औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात. चेकर. समोर पांढऱ्या उजेडाची फळी, तिच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या, आणि तडा गेलेली, कड उडालेली बाटली बाबुराव उचलून बाजूला टाकायचे. एक दिवस नोकरी सुटली. मग काही वर्षांनी कोपऱ्यावरच्या रस्त्यात टेम्पोने उडवलं. टेम्पोवाला प्यायला होता. हेही लहानपणापासून ऐकलेलं. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, विहारात भेटणाऱ्यांना, सगळ्यांना घरातून हेच सांगितलं जायचं. सांगून सांगून ते वाक्य घरातल्या भांड्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

“आज माझ्यामुळे एका बाईची नोकरी गेली,” महेंद्र म्हणाला.

आईने जुडी खाली ठेवली.

“तुझ्या बाबांच्या शेजारी हरिहर म्हणून एक बसायचा,” ती म्हणाली. “लई चांगला माणूस. ह्यांच्या हातून सुटलेल्या बाटल्या तो उचलायचा. दोन वरसं उचलल्या त्याने, कुणाला पत्ता लागू नाही दिला. मग तो तापाने आठवडाभर घरी बसला. तेवढ्यात एक फुटकी बाटली पुढे गेली, आणि बाटल्या भरणाऱ्या पोराचा हात फाटला. बोटं आखडली ती कायमची. हे घरी आले, डबा मोरीत ठेवला, परत गेलेच नाहीत. का ते सांगितलं नाही. मी पण नाही विचारलं.”

“तुला माहीत होतं?”

“बायकोला माहीत नसतं का? मी त्यांच्या ताटातली वाटी सरकवायचे.” तिने मेथीची काडी उचलली, तिला पानं नव्हती, तरी ती ओरबाडत राहिली. “वाटायचं, आपण बोललो तर माणूस खचेल. म्हणून सगळे गप. ते गप, मी गप, हरिहर गप.”

खाली कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला. त्याची घरघर बराच वेळ येत राहिली.

“टेम्पोवाला प्यायला नव्हता, महेंद्र,” रंभाबाई म्हणाल्या. “भोंगा वाजवत होता तो. बाजूने आला एवढंच.”

महेंद्रने भिंतीवर बघितलं. फोटोत बाबुराव तिरकी मान करून कॅमेरा शोधत होते.

प्रीती आली तेव्हा माय-लेक तसेच समोरासमोर बसलेले होते आणि निवडलेली मेथी आणि काड्या एकाच परातीत गेल्या होत्या. तिने चप्पल काढली, पर्स खुंटीला लावली.

“प्रीती, उद्या रजा मिळेल का तुला?” महेंद्रने विचारलं.

कुठे जायचंय, असं तिने विचारलं नाही. “टाकते,” ती म्हणाली आणि परातीशी बसून काड्या वेगळ्या करायला लागली.

तीच काळोखी खोली, तोच पडदा, तोच बाक. यंत्रावरचा मुलगाही तोच, फक्त मिशी ठेवलेली. त्याने महेंद्रच्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावली, हनुवटी टेकवून दिली, बटण हातात दिलं.

“आधी केलेली आहे ना काका टेस्ट?”

“केलेली आहे.”

“मग माहितीच आहे तुम्हाला. पिवळ्या ठिपक्याकडे बघायचं. दिवा दिसला की दाबायचं.”

यंत्र सुरू झालं. ठिपका स्वच्छ दिसत होता. किर्र झालं. ठिपक्याच्या अगदी जवळ एक फिकट दिवा चमकला. महेंद्रने बटण दाबलं. टक. पुन्हा किर्र. पुन्हा टक. मग दिवे मधून उठून कडेला गेले.

किर्र.

अंगठा सवयीने दबायला निघाला. महेंद्रने तो बटणावरून उचलला आणि बाजूला धरला.

किर्र. काही नाही. किर्र. काही नाही. यंत्र डावीकडे गेलं असेल, उजवीकडे गेलं असेल, वर गेलं असेल. पोटातल्या पोटात किरकिरत ते त्याला दिवे दाखवत राहिलं आणि समोरची पांढरी पोकळी नुसती पोकळीच राहिली. एवढी मोठी असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. मागच्या वेळी आपण कितीतरी ठिकाणी पास म्हटलं होतं.

पडद्यामागे प्रीती बसली होती. मागच्या वेळचा तो टकटक आवाज तिला पाठ होता. आता ती त्याची वाट बघत होती. एक किर्र गेली, दुसरी गेली, आणखी कितीतरी गेल्या. तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली. बांगड्या वाजू नयेत म्हणून मनगटही धरलं.

“काका,” मुलगा म्हणाला, “झोप लागली का? बटण दाबा. मशीन चालू आहे.”

“जागा आहे मी.”

“मग दाबा ना. दिवे येतायत सारखे.”

“येत असतील,” महेंद्र म्हणाला. त्याचा आवाज त्या वाडग्यात घुमून त्याच्याच तोंडावर आला. मग त्याने तो जरा मोठा केला, पडद्यापलीकडे जाईल इतका. “मला दिसत नाहीयेत.”

खोलीत किर्र वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

“मग नका दाबू,” मुलगा म्हणाला.